बिडाचे भांडे

बिडाचा तवा आपल्या ओळखीचा आहे. हातात घ्यावा तर जड, आणि दगडावर आपटला तर दोन तुकडे. अशाच बिडाच्या एका साध्या भांड्याची ही हकीकत आहे. ती इंग्लंडातली, तीनशे वर्षांपूर्वीची.

अब्राहम डार्बी नावाचा एक कारखानदार ब्रिस्टल गावी पितळी भांडी करवून घेत असे. १७०४ साली तो हॉलंडात जाऊन तिथले ओतकाम पाहून आला. येताना तिथले कारागीरही घेऊन आला. पण पितळ पडले महाग. गरिबाच्या चुलीवर ते कुठून येणार? लोखंड स्वस्त, तर तेच भांडे लोखंडाचे का करू नये, असे त्याच्या मनाने घेतले.

लोखंडाची भांडी त्याआधीही ओतत होतेच. पण साचा मातीचा. चिकणमातीत लीद कालवायची, हाताने आकार द्यायचा, वाळवायचा, भाजायचा, आणि भांडे ओतून झाले की तो साचा फोडायचा. एका भांड्याला एक साचा! यात किती दिवस मोडतात हे आपल्याकडच्या ओताऱ्याला सांगायला नको. डार्बीने वाळू धरली. पेटीत वाळू ठोकून भरायची, तीत भांड्याचा नमुना दाबून ठसा घ्यायचा, नमुना काढायचा आणि पोकळीत रस ओतायचा. नमुना दुसऱ्या भांड्याला मोकळा.

ऐकायला सोपे वाटते, नाही? पण भांड्याचे तोंड लहान आणि पोट मोठे. अख्खा नमुना वर ओढला की वाळू ढासळलीच. म्हणून नमुना तुकड्यांचा हवा, पेटीही सुटी होणारी हवी, आणि आतली वाफ निघायला वाट हवी. नाहीतर रस उसळून अंगावर यायचा. हॉलंडच्या कारागिरांना लोखंडात हे साधेना. डार्बी घराण्यातली आठवण अशी, की जॉन थॉमस या वेल्श पोराला त्यातली मेख सापडली. मग दोघे दार लावून काम करीत, आणि कुलपाच्या भोकातसुद्धा बोळा घालीत! १७०७ साली डार्बीला या रीतीचे १४ वर्षांचे पेटंट मिळाले.

पुढे सेव्हर्न नदीकाठच्या कोलब्रुकडेल येथे १७०९ साली त्याने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळले. तिथल्या दगडी कोळशात गंधक कमी, हे त्याचे नशीब. इतिहास शिकवताना गुरुजी हे १७०९ साल फळ्यावर लिहितात, १७०७ लिहीत नाहीत. मला वाटते, इथेच गोम आहे. कोकच्या लोखंडात सिलिकॉन जास्त. ठोकून नांगराचा फाळ किंवा खिळे करणाऱ्या लोहाराला लागते घडीव लोखंड, आणि या मालापासून ते करणे जिकिरीचे नि खर्चाचे. त्यामुळे बहुतेक भट्टीवाले पुढे चाळीस-पन्नास वर्षे लाकडी कोळशालाच चिकटून राहिले. डार्बीला मात्र ठोकायचे नव्हतेच, ओतायचे होते. तेच लोखंड वाळूच्या साच्यात पातळ पसरे आणि भांडे हलके उतरे. हलके म्हणजे माल कमी, म्हणून किंमतही कमी. साच्याची रीत आधी बदललेली नसती, तर कोकचे लोखंड घेऊन त्याने काय केले असते?

डार्बी १७१७ साली, चाळिशीच्या आतच वारला. त्याच्या मागे कोलब्रुकडेलला भांडी निघत राहिलीच. शिवाय १७२० नंतर खाणीतले पाणी उपसणाऱ्या वाफेच्या इंजिनांची मोठाली नळकांडीही तिथे लोखंडाची ओतू लागले. तोवर ती पितळेची असत.