धुराच्या नळीची ऊब

थंडीत फजरच्या वुजूनंतर ओल्या चेहऱ्याला वारा लागला की हुडहुडी भरते. पाणी उडून जाताना अंगाची उष्णता घेऊन जाते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. जुन्या मोटारींच्या इंजिनाला मात्र हीच गोष्ट फार जाचत असे.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे बारीक थेंब हवेत मिसळतात. त्यांची वाफ होताना आजूबाजूची उष्णता जाते. हवा दमट असेल, तर बाहेर ८-१० अंश तापमान असतानाही आत बर्फ धरू शकतो. वाफ नीट झाली नाही, तर थेंब थंड इनटेक मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटतात. हे ओलं पेट्रोल सिलिंडरमधलं ऑइल धुऊन काढतं, खालचं ऑइल पातळ करतं आणि इंजिन लवकर झिजतं.

अमेरिकेत हा प्रश्न १९१० नंतर जास्त जाणवू लागला. फोर्डनं १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी गाड्या बनवल्या. सामान्य माणसाच्या दारात मोटार आली आणि पेट्रोलची मागणी वाढली. ती भागवताना पेट्रोलमध्ये जड, उशिरा उडणारा भाग वाढत गेला. गाडी स्वस्त झाली, इंधन मात्र हलक्या दर्जाचं झालं.

उपाय सापडला तो टाकाऊ उष्णतेत. मॉडेल टीमध्ये तापलेल्या एक्झॉस्टजवळची गरम हवा एका नळीनं कार्ब्युरेटरला दिली जाई. इतर गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डचा तळच एक्झॉस्टला टेकवला गेला. पुढे फोक्सवॅगन बीटलमध्ये मॅनिफोल्डला चिकटून एक बारीक नळी आली. तिच्यातून धूर फिरे आणि कार्ब्युरेटरखालचा भाग गरम राही. काजळीनं ती बुजली, की थंडीत गाडी अडखळे.

ऊबही बेतानंच हवी. मिश्रण फार तापलं तर फुगतं, सिलिंडरमध्ये कमी भरतं आणि ताकद घटते. म्हणून अनेक गाड्यांत एक झडप बसवत. इंजिन गार असताना ती धूर मॅनिफोल्डकडे वळवी आणि गरम झालं की बाजूला होई.

फ्युएल इंजेक्शन आलं आणि हा खटाटोप संपला. मोटारीच्या इतिहासात आपण हेन्री फोर्डचं नाव शिकवतो, ही नळी कुणी शिकवत नाही. पण स्वस्त गाडी हलक्या पेट्रोलवर, कडाक्याच्या थंडीत चालत राहिली, त्यात बाहेर फेकायच्या धुराचाही वाटा होता. मुलांना तेही सांगायला हवं.