तळहातावरचा पुरावा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झाल्याचे पुष्कळदा शवविच्छेदनातच उघड होत असे. एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतील अस्तराचा आणि विशेषतः झडपांचा दाह, या रोगात जंतू, प्लेटलेट्स आणि फायब्रिन यांचे पुंजके झडपेवर वाढतात व त्यांचे कण रक्ताबरोबर दूरच्या सूक्ष्म वाहिन्यांत जाऊन अडकतात. परंतु रुग्णाची तक्रार कित्येक आठवडे केवळ ताप आणि अशक्तपणा एवढीच असल्याने मलेरिया किंवा विषमज्वराचा संशय आधी घेतला जाई. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समधील व्याख्यानांत या रोगाचे सविस्तर विवेचन केले, तरी निदानाची अडचण कायम राहिली.

अशा स्थितीत त्वचेवरील खुणांना महत्त्व आले. न्यूयॉर्कचे एडवर्ड जेनवे यांनी १८९९ मध्ये तळहात आणि तळपायांवरील, न दुखणाऱ्या, रक्तस्रावी डागांची नोंद केली. या डागांना जेनवेंचे नाव पुढे त्याच शहरातील इमॅन्युएल लिबमन यांनी दिले. ऑस्लर यांनी १९०९ च्या लेखात वर्णिलेल्या गाठी मात्र बोटांच्या टोकांशी उठणाऱ्या, लालसर आणि दुखऱ्या असून, त्यांकडे आपले लक्ष कॅनडातील हॅमिल्टनच्या एका डॉक्टरांनी वेधल्याचे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे, हे श्रेयाच्या वाटणीत सहसा विसरले जाते. या गाठी काही तासांत किंवा दिवसांत विरत असल्याने क्वचित येणाऱ्या डॉक्टरपेक्षा रुग्णालाच त्या आधी कळत.

निदान झाले तरी उपचार नव्हता. १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संगीतकार गुस्टाव्ह मालर यांच्या रक्तात लिबमन यांच्या पथकाला स्ट्रेप्टोकोकस जंतू सापडले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात व्हिएन्नात त्यांचा मृत्यू झाला. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आल्यावरच खूण ओळखण्याला रुग्णाच्या दृष्टीने अर्थ आला. आणि नेमक्या त्याच काळापासून, लवकर सुरू होणाऱ्या उपचारांमुळे, या खुणा विरळ होत गेल्या.

१९९४ च्या ड्यूक निकषांनी, म्हणजे निदानासाठी ठरवलेल्या मुख्य आणि गौण लक्षणांच्या यादीने, दोन्ही खुणांना गौण स्थान दिले. त्यातही जेनवे डाग रक्तवाहिन्यांच्या रकान्यात, तर ऑस्लर गाठी प्रतिकारशक्तीच्या प्रतिक्रियेच्या रकान्यात बसवल्या गेल्या. ही विभागणी सोयीची असली तरी पुरेशी पक्की नाही, कारण काही रुग्णांच्या ऑस्लर गाठींतही सूक्ष्म गळवे आणि प्रत्यक्ष जंतू आढळले आहेत.