इंधनकर, रस्तानिधी आणि सार्वजनिक वाहतूक : जयकर समितीपासूनचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

पेट्रोल व डिझेलवरील कराची चर्चा आपल्याकडे बहुधा दरवाढीच्या दिवशी सुरू होते आणि थोड्याच दिवसांत विरून जाते. कर किती असावा, हा प्रश्न त्या चर्चेत हिरिरीने मांडला जातो. जमा झालेला पैसा कोणत्या कामासाठी खर्च व्हावा आणि तो कोणी ठरवावा, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वस्तुतः भारतात इंधनावरील विशिष्ट कर विशिष्ट कामासाठी राखून ठेवण्याची पद्धत १९२९ पासून अस्तित्वात आहे. त्या वेळी जे काम ठरले ते ‘रस्ता’ हे होते. रस्त्यावरून जाणारा प्रवासी हे नव्हते. या निवडीची कारणे कोणती होती आणि तिचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जयकर समिती आणि दोन आण्यांचा कर :

१९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला आणि त्यांतील बराच भार जिल्हा लोकल बोर्डांवर पडला. मोटारींची संख्या मात्र याच काळात वाढत होती. मोटारी व त्यांचे सुटे भाग यांवरील आयातशुल्क आणि १९१७ च्या कायद्याने मोटार स्पिरिटवर बसविलेला कर यांचे उत्पन्न मध्यवर्ती सरकारच्या तिजोरीत जमा होई. अशा प्रकारे रस्ता झिजे तो लोकल बोर्डाचा आणि त्या झिजेतून उत्पन्न होणारा पैसा जाई दिल्लीस. ही विसंगती दूर करण्याच्या हेतूने १९२७ मध्ये बॅ. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेल्या जयकरांचे नाव शिक्षणक्षेत्रात सुपरिचित आहे; भारतीय रस्त्यांच्या अर्थकारणाचा पायाही त्यांच्याच समितीने घातला, हे तितकेसे लक्षात राहिलेले नाही.

१९२८ च्या अहवालात समितीने असे मत मांडले की, रस्तेविकास हा प्रांतिक सरकारे व स्थानिक संस्था यांच्या आर्थिक कुवतीपलीकडे गेला असून त्याचा काही भार मध्यवर्ती महसुलावर पडणे योग्य आहे. त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर सुचविण्यात आला. त्यानुसार मार्च १९२९ मध्ये पेट्रोलवरील कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आण्यांवर नेण्यात आला आणि वाढीव दोन आण्यांतून रस्तानिधी उभा राहिला. निधीचा एक दशांश भाग मध्यवर्ती सरकारने राखीव ठेवावा आणि उरलेला भाग पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात प्रांतांना वाटावा, असे ठरले.

या योजनेमागील तत्त्व साधे होते : जो रस्ता वापरतो त्याने रस्त्याचा खर्च द्यावा. तथापि ‘वापरणारा’ कोण, याची व्याख्या येथे पेट्रोलच्या खपावरून झाली. ज्या प्रांतात मोटारी अधिक, त्या प्रांताला वाटा अधिक मिळे. बैलगाडीवाला शेतकरी, पायी चालणारा वाटसरू आणि भाड्याच्या मोटारीतून दाटीवाटीने जाणारा उतारू यांना या हिशेबात स्वतंत्र स्थान नव्हते.

रस्ता विरुद्ध रेल्वे :

त्या काळातील सार्वजनिक वाहतूक म्हणजे मुख्यतः रेल्वे होय. जागतिक मंदीत रेल्वेचे उत्पन्न घटले आणि समांतर रस्त्यांवरील खाजगी मोटारबसेस तिचे उतारू पळवू लागल्या. या स्पर्धेची पाहणी मिचेल-कर्कनेस समितीने केली आणि १९३३ मध्ये सिमला येथे रस्ते-रेल्वे परिषद भरली. त्यानंतर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. या घटनाक्रमात एक गोष्ट लक्षणीय आहे. रस्ता आणि रेल्वे यांचा संघर्ष सोडविताना परवाने, मार्ग व नियंत्रण यांचा आधार घेण्यात आला. इंधनकराचा निधी दोहोंमध्ये वाटून घेण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला नाही. नियमन सर्व वाहतुकीचे आणि निधी फक्त रस्त्यांचा, अशी विभागणी येथूनच रूढ झाली. १९४३ च्या नागपूर योजनेनेही देशाच्या रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा आखला; त्यावर धावणाऱ्या वाहतुकीचा विचार निराळ्या दालनात राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळ : एस.टी.चा प्रवासी आणि कर :

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने अशा सेवांना वैधानिक चौकट मिळाली. ‘गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एस.टी.’ हे ब्रीद महाराष्ट्राने अभिमानाने मिरविले आणि ते पोकळ नव्हते. रस्त्याविना बस अशक्य होती. म्हणून रस्तानिधीचा लाभ एस.टी.ला झालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एस.टी. डिझेलवर कर भरते आणि तो अखेर तिकिटात उतरतो. त्याखेरीज १९५८ च्या मुंबई मोटार वाहन (प्रवासी कर) कायद्यान्वये तिच्या भाड्यावर प्रवासी कर आकारला जाऊ लागला. त्याचा दर पुढे साडेसतरा टक्क्यांपर्यंत गेला. त्यामुळे ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही तो तिकिटाच्या रूपाने इंधनकरही भरतो आणि प्रवासी करही. खाजगी मोटारीतून जाणाऱ्यास दुसरा कर लागू नाही. मुंबईत बेस्टच्या बससेवेचा तोटा दीर्घकाळ वीजपुरवठ्यातील शिलकीतून भरून निघाला. तेथे बसला हात दिला तो विजेच्या ग्राहकाने, मोटारीच्या इंधनाने नव्हे.

दरम्यान रस्तानिधीही क्षीण होत गेला. गॅलनमागे दोन आण्यांचा वाटा १९३० च्या दशकात अडीच आण्यांवर गेला; दशमान पद्धतीत तो लिटरमागे साधारण साडेतीन पैसे होतो. किमती वाढत राहिल्या तरी हा आकडा दीर्घकाळ गोठलेला राहिला.

उपकराचे नवे पर्व :

१९९८ मध्ये पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर लिटरमागे एक रुपयाचा उपकर बसविण्यात आला आणि २००० च्या केंद्रीय रस्तानिधी कायद्याने त्यास वैधानिक रूप मिळाले. डिझेलवरील उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी राखण्यात आला. उरलेल्या रकमेतून ५७.५ टक्के राष्ट्रीय महामार्गांना, ३० टक्के राज्यांच्या रस्त्यांना व १२.५ टक्के रेल्वेमार्गावरील पूल आणि सुरक्षितता यांना, असे वाटप ठरले. यातून खेडोपाडी पक्के रस्ते पोहोचले, हे मोठेच यश होय. परंतु शहरी वा ग्रामीण बससेवेसाठी या सूत्रात वाटा नव्हता. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीस प्राधान्य देण्याचे तत्त्व स्वीकारले. २००९ मध्ये नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून शहरांना बसखरेदीसाठी साहाय्यही मिळाले. ते मात्र एका अभियानाचे साहाय्य होते, इंधनकरातील हक्काचा वाटा नव्हे.

२०१८ मध्ये लिटरमागे आठ रुपयांचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर लागू झाला आणि निधीचे नावही त्यानुसार बदलले. आता नागरी सार्वजनिक वाहतुकीच्या पायाभूत सुविधाही निधीच्या कक्षेत आल्या. परंतु त्यांच्यासोबत पाणी, ऊर्जा, दळणवळण आदी अनेक क्षेत्रेही आली. शिवाय उपकर हा राज्यांबरोबर वाटून घ्यावयाच्या करांत मोडत नाही, तर बससेवा चालविण्याची जबाबदारी राज्ये व महापालिका यांची आहे. १९२७ ची विसंगती निराळ्या रूपात येथे पुन्हा दिसून येते.

एक तुलना :

अमेरिकेत ऑरेगॉन राज्याने १९१९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे एक सेंट कर बसविला आणि १९२९ पर्यंत सर्व राज्यांनी त्याचे अनुकरण केले. १९५६ च्या महामार्ग विश्वस्त निधीने संघराज्याचा इंधनकर रस्त्यांशी बांधून टाकला. परंतु १९८२ च्या कायद्याने हा कर चार सेंटवरून नऊ सेंट करताना वाढीव पाचांपैकी एक सेंट सार्वजनिक वाहतुकीच्या स्वतंत्र खात्यात टाकण्यात आला. रक्कम लहान होती, पण हक्क कायद्याने मान्य झाला. याच उदाहरणाची दुसरी बाजूही बोधप्रद आहे. १९९३ पासून तेथील कर १८.४ सेंटवर थांबला आणि २००८ पासून निधीला सर्वसाधारण महसुलातून वारंवार भर घालावी लागली. ब्रिटनमध्ये तर १९२० च्या दशकातच अर्थमंत्री चर्चिल यांनी रस्तानिधीतील पैसा सामान्य खर्चाकडे वळविला होता. राखीव निधी पैशाचे रक्षण करतो, परंतु ते रक्षण कायमचे नसते.

समारोप :

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, इंधनकर रस्त्यांसाठीच असावा हा निसर्गनियम नसून १९२९ च्या विशिष्ट परिस्थितीतील निर्णय आहे. त्या वेळी तो समर्थनीयही होता. दुसरी, करवाढीला लोकांची संमती मिळते ती पैशाचा विनियोग दिसतो तेव्हा. कर वाढवून उद्दिष्टे पसरट केल्यास ही संमती क्षीण होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ‘वापरणारा पैसे देतो’ या तत्त्वात बसच्या प्रवाशालाही वापरणारा मानले पाहिजे, कारण तो पैसे देतच आला आहे.

विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे इंधनकराचा पायाच हळूहळू आकसणार आहे. त्याच्या जागी जो कर येईल त्याच्या विनियोगाची चौकट पुन्हा नव्याने आखावी लागेल. जयकर समितीने रस्त्याचा खर्च कोणी द्यावा हे ठरविले. ती चौकट आखताना, ज्याच्या तिकिटातून हा खर्च आजवर वसूल झाला त्या प्रवाशाच्या वाट्याला काय यावे, हेही ठरविणे अगत्याचे आहे.