सिल्व्हर ॲपल्स: साथीदार गेला, तरी त्याचे ड्रम्स मंचावर वाजत राहिले!

न्यूयॉर्कमधली दोन माणसं. एकाकडे ड्रम्स, दुसऱ्याकडे विजेच्या उपकरणांचा ढीग. ना गिटार, ना पियानो. १९६८ मध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बम आज इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात आवर्जून सांगितला जातो. पण दोनच वर्षांत हा ग्रुप बंद पडला आणि मंचावर परतायला त्याला पाव शतक लागलं. काय घडलं होतं नेमकं?

वाद्य नव्हे, तपासणीचं यंत्र

सिमियन कॉक्स एका रॉक बँडमध्ये गात असे. एकदा त्याने जुना ऑसिलेटर मंचावर आणला. ऑसिलेटर हे ठरावीक कंपनांचा विद्युत संकेत तयार करणारं यंत्र. ते मुळात इलेक्ट्रॉनिक उपकरणं तपासण्यासाठी वापरलं जायचं. स्पीकरला जोडलं की त्यातून एकच लांबलचक सूर निघतो. जुन्या रेडिओवर स्टेशन शोधताना मध्येच येणारी शिट्टी आठवते? साधारण तसाच.

बँडमधल्या इतरांना हा प्रकार रुचला नाही. एकेक जण सोडून गेला आणि उरला फक्त ड्रमर डॅनी टेलर. १९६७ मध्ये या दोघांचा 'सिल्व्हर ॲपल्स' हा ग्रुप उभा राहिला.

सिंथेसायझर तेव्हा महाग आणि दुर्मीळ होता. सिमियनने मग एकावर एक ९ ऑसिलेटर रचले आणि त्यांना ८६ बटणं-कळा जोडल्या. हात, कोपर आणि पाय अशा सगळ्यांनी तो हे यंत्र वाजवायचा आणि त्यातच गायचाही. यंत्राचं नावही 'सिमियन'च पडलं! त्याच्या गुणगुणाटाला टेलरच्या एकसारख्या, घुमणाऱ्या ठेक्याने आकार मिळायचा.

एका मुखपृष्ठाने घात केला

१९६९ मध्ये दुसरा अल्बम 'कॉन्टॅक्ट' आला. मुखपृष्ठावर दोघे पॅन ॲम कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलेले आणि मागच्या बाजूला कोसळलेल्या विमानाचे अवशेष! विमान कंपनी भडकली आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिसऱ्या अल्बमचं ध्वनिमुद्रण झालं होतं, पण तो बाहेर येऊ शकला नाही. १९७० च्या सुमारास ग्रुप संपला. सिमियन चित्रकला आणि टीव्ही पत्रकारितेकडे वळला.

परतीचा रस्ता

१९९४ मध्ये जर्मनीत दोन्ही जुने अल्बम सीडीवर निघाले, तेही परवानगीशिवाय! पण त्यामुळेच नव्या पिढीला हा ग्रुप सापडला. मागणी पाहून सिमियन १९९६ मध्ये नव्या साथीदारांसह मंचावर परतला. पुढे टेलरचाही पत्ता लागला. तिसऱ्या अल्बमच्या टेप त्याच्या घराच्या माळ्यावर पडून होत्या. त्या वापरून १९९८ मध्ये 'द गार्डन' प्रसिद्ध झाला आणि मूळ जोडी पुन्हा एकत्र वाजवू लागली.

हा आनंद टिकला नाही. त्याच वर्षी त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि सिमियनची मान मोडली. वाजवणं थांबलं. तो सावरत असतानाच, २००५ मध्ये टेलरचं निधन झालं.

साथीदाराविना साथ

सिमियन तेव्हा पासष्टी ओलांडलेला होता. ग्रुप कायमचा बंद करणं सहज शक्य होतं. नवा ड्रमर घेणंही शक्य होतं. त्याने तिसरा मार्ग निवडला. टेलरच्या वादनाचं जुनं ध्वनिमुद्रण घेऊन त्याचे सॅम्पल, म्हणजे हवे तेव्हा वाजवता येतील असे छोटे तुकडे, तयार केले. मंचावर सिमियन एकटा उभा राहायचा. ऑसिलेटर तो प्रत्यक्ष वाजवायचा आणि ठेका टेलरचा असायचा.

याला 'लाइव्ह' म्हणायचं का? प्रश्न रास्त आहे. पण यात साथीदाराच्या जागी दुसरं कुणी आणलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

तोवर या ग्रुपचा प्रभाव इतरांच्या संगीतात दिसू लागला होता. पोर्टिसहेड या ब्रिटिश ग्रुपच्या २००८ मधल्या 'वी कॅरी ऑन' गाण्यात तो स्पष्ट ऐकू येतो. २०१६ मध्ये सिमियनने 'क्लिंगिंग टू अ ड्रीम' हा नवा अल्बम काढला. ८ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी त्याचं निधन झालं.

हे संगीत ऐकायचं असेल, तर पहिल्या अल्बममधल्या पहिल्याच 'ऑसिलेशन्स' या गाण्यापासून सुरुवात करा. त्यातला ठेका टेलरचा आहे.