शिदोरी आणि आकाशांतील ताट

राज्यें कोणीं मिळविलीं आणि कोणीं घालविलीं याचीं टिपणें इतिहासकारांनीं मोठ्या आस्थेनें ठेवलीं आहेत. पण त्या राज्यांतून पायीं, गाडींतून, आगबोटींतून व शेवटीं विमानांतून जाणाऱ्या सामान्य माणसाच्या फडक्यांत काय बांधलेलें होतें, याची दखल फारशी कोणीं घेतली नाहीं. विमानांतील स्वस्त वर्गाच्या, म्हणजे ज्याला 'इकॉनॉमी' म्हणतात त्या वर्गाच्या जेवणाविषयीं तक्रारी मात्र पुष्कळ ऐकूं येतात. तें बेचव असतें, थोडें असतें, अवेळीं येतें. आणि या तक्रारी बहुतांशीं खऱ्याही आहेत. परंतु तें तसें कां झालें, याचा विचार तक्रारींत नसतो. तें ताट भटारखान्यांत जन्मलें त्यापेक्षां भाड्याच्या कोष्टकांत अधिक जन्मलें, असें आमचें मत आहे. आणि तें पटवून देण्यासाठीं आकाशाऐवजीं मराठवाड्यांतील एका लहान गांवापासून आरंभ करणें सोयीचें होईल.

परतूर हें दुधना नदीच्या खोऱ्यांतील तालुक्याचें गांव. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निर्माण झाला, तेव्हां तें परभणी जिल्ह्यांतून या नव्या जिल्ह्यांत आलें. मनमाडहून जालना-परभणीवरून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग निजामाच्या राज्यांत १९०० च्या सुमारास झाला. परतूरचें स्थानक त्याच मार्गावरचें. हे रूळ मीटर रुंदीचे होते. म्हणून मुंबईस जाणाऱ्यास मनमाडला उतरून मोठ्या रुळांवरची गाडी धरावी लागे, आणि १९९० नंतर रूळ बदलले तेव्हां कोठें हा खोळंबा संपला. अशा खोळंब्यांत फलाटावर शिदोऱ्या सुटत. त्यांत काय असे? ज्वारीच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, एखादा कांदा. दशमीची युक्ति मोठी शहाणपणाची आहे. पीठ पाण्याऐवजीं दुधांत भिजविलें म्हणजे भाकरी मऊ राहते, दुसऱ्या दिवशींही चावते. शिवाय जुन्या सोवळ्याच्या कल्पनेप्रमाणें पाण्यांत शिजलेल्या अन्नाला प्रवासांत जें बंधन असे, तें दुधांतल्या दशमीला नसे. पाकशास्त्र आणि धर्मशास्त्र या दोघांचेंही समाधान एकाच उंड्यांत करणाऱ्या त्या अज्ञात गृहिणीचें कौतुक करावें तेवढें थोडेंच!

मात्र शिदोरीच्या या कौतुकांत तिची दुसरी बाजू झांकली जाऊं नये. आगगाडीनें सर्वांस एका डब्यांत बसविलें, पण एका घागरीचें पाणी पाजलें नाहीं. अनेक स्थानकांवर हिंदूंचें पाणी निराळें, मुसलमानांचें निराळें अशी व्यवस्था कित्येक वर्षें चालली. आणि अस्पृश्य मानलेल्यांना तर यांपैकीं कोणतेंच पाणी सुखानें मिळत नसे. डॉ. आंबेडकरांनीं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडिलांना भेटण्यासाठीं तीं मुलें साताऱ्याहून गाडीनें मसूर स्थानकावर उतरलीं आणि तेथून बैलगाडीनें निघालीं. बरोबर खाण्याचे पदार्थ भरपूर होते. परंतु वाटेंत कोणीं पिण्याचें पाणी दिलें नाहीं, आणि पाण्यावांचून घांस घशाखालीं उतरेना. भरलेला डबा उशाशीं असतां त्यांना उपाशी निजावें लागलें. प्रवासांतील अन्नाच्या इतिहासांत याहून बोलकें पान आमच्या पाहण्यांत नाहीं. शिदोरी ही कोणासाठीं आवडीची गोष्ट होती, कोणासाठीं सोवळ्याची, आणि कोणासाठीं केवळ निरुपायाची. आणि इतकें असूनही कित्येकदां ती पुरी पडत नसे.

पैशाचा वर्ग हा जातीच्या वर्गाशेजारींच बसलेला होता. १ जून १९३० रोजीं मुंबई-पुण्याच्या दरम्यान 'डेक्कन क्वीन' धांवूं लागली. तिच्यांत भोजनाचा डबा होता, पण तिसऱ्या वर्गाचा डबा नव्हता. तो १९५५ सालीं जोडला गेला. म्हणजे पंचवीस वर्षें या गाडींतील भोजनगृहाच्या वासालासुद्धां तिसऱ्या वर्गाचा उतारू पारखा होता. त्यानें आपलें खाणें कर्जत वा लोणावळ्याच्या फलाटावर, दुसऱ्या एखाद्या गाडीच्या खिडकींतून हात बाहेर काढून घ्यावें.

समुद्रावर हाच प्रश्न अधिक बिकट झाला, कारण तेथें फलाट नाहीं. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, त्यापूर्वीं श्रीरामपूरच्या भाषणांत आपण आहार व पोशाख बदलणार नाहीं असें त्यांनीं सांगून टाकलें होतें. पुढें १८८८ सालीं तरुण गांधी मुंबईहून विलायतेस गेले. मेजावरील कोणता पदार्थ बिनमांसाचा, हें विचारण्याचा धीर त्यांना होईना. म्हणून बरोबर नेलेली मिठाई व फळें खोलींतच खाऊन त्यांनीं दिवस काढले. त्या काळच्या मोठ्या आगबोटींवर जेवणघरांत वाढणारे पुष्कळसे लोक गोव्याचे असत, हें लक्षांत घेतलें म्हणजे या संकोचाची गंमत वाटते. वाढणारा हात आपल्याच किनाऱ्याचा, पण विचारावें कसें हें ठाऊक नाहीं. हा न विचारण्याचा संकोच वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. विमानांत तो पुन्हां भेटणार आहे.

विमानांतील पहिलें विकत मिळणारें जेवण १९१९ च्या ऑक्टोबरांत लंडन-पॅरिस मार्गावर हँडली पेज कंपनीनें दिलें असें सांगतात. तीन शिलिंगांची ती एक पेटी होती. म्हणजे वस्तुतः ती शिदोरीच, फक्त बांधणारे हात घरचे नव्हते. १९२९ सालीं लंडनहून कराचीस विमानें येऊं लागलीं तेव्हां प्रवास सुमारें सात दिवस चाले, आणि उतारू रात्रीं जमिनीवर मुक्काम करीत. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला गेलें. त्यांत उतारू होते अवघे ३५. एवढ्या थोड्या व श्रीमंत मंडळींस वाढणें म्हणजे घरच्या पंगतीस वाढण्यासारखेंच.

पंगत मोठी झाली आणि मग नियम आले. १९५२ च्या मे महिन्यांत अटलांटिकवरील विमानांत 'टूरिस्ट' नांवाचा स्वस्त वर्ग निघाला, आणि १ एप्रिल १९५८ पासून त्याहूनही सुमारें एक-पंचमांशानें स्वस्त असा 'इकॉनॉमी' वर्ग सुरू झाला. त्या काळीं भाडें ठरविण्यास कंपन्या स्वतंत्र नव्हत्या. 'आयाटा' या त्यांच्या संघांत सर्वांनीं मिळून दर ठरवावेत आणि सरकारांनीं त्यांस मान्यता द्यावी, अशी रीत होती. भाडें सर्वांचें सारखें, तेव्हां गिऱ्हाईक ओढावयाचें तें जेवणानें! म्हणून संघानें जेवणही बांधून टाकलें. इकॉनॉमीच्या उतारूस केवळ सँडविच द्यावें. तें साधें, थंड आणि अल्पमोली असावें. पण सँडविच कशास म्हणावें, याची व्याख्या करावयाची राहून गेली.

ही फट स्कँडिनेव्हियाच्या कंपनीनें बरोबर हेरली. त्यांच्या देशांत सँडविच उघडें असतें. पावाच्या एका चकतीवर मांस, मासळी, अंडीं, भाज्या यांची अशी रास रचतात कीं खालचा पाव शोधून काढावा लागतो. स्वित्झर्लंड, हॉलंड व फ्रान्स येथील कंपन्यांनींही आपापल्या परीनें हात सैल सोडला. पॅन अमेरिकन कंपनी साधा पाव देत होती. तिनें ओरड केली कीं हें सँडविच नसून सँडविचच्या नांवाखालीं दिलेलें पुरें भोजन आहे. वाद संघापुढें गेला. मोठमोठ्या कंपन्यांचे अधिकारी पावाच्या चकतीवर काय असावें आणि काय नसावें याचा गंभीरपणें ऊहापोह करीत बसले. अखेर निकाल असा झाला कीं पाव पुरेसा असावा व तो डोळ्यांना दिसावा, आणि धुरावलेला सामन मासा, माशांचीं उंची अंडीं असले बडेजावाचे पदार्थ त्यावर नसावेत. स्कँडिनेव्हियन कंपनीला दंड झाला. अन्न वाईट दिल्याबद्दल शिक्षा झाल्याचीं उदाहरणें पुष्कळ सांपडतील. चांगलें दिल्याबद्दल झाल्याचें हें बहुधा एकच असेल! इकॉनॉमीचें ताट पहिल्याच महिन्यांत कायद्यानें गरीब केलें गेलें, आणि तें गरीब दिसलेंही पाहिजे असें ठरलें, कारण पुढच्या वर्गाच्या जादा भाड्याचें समर्थन त्या दिसण्यावर अवलंबून होतें.

हा नियम पुढें ढिला झाला व गरम जेवण परत आलें. त्याची यंत्रसामग्री युद्धानें तयार करून ठेवली होती. १९४५ च्या सुमारास अमेरिकेंत मॅक्सन कंपनीनें लष्करी विमानांसाठीं तीन खणांची, गोठविलेल्या जेवणाची थाळी काढली आणि ती तापविण्यासाठीं पंख्यानें गरम हवा खेळविणारी भट्टी बनविली. आजचें विमानांतील जेवण याच घराण्यांतलें आहे. तें जमिनीवर शिजतें, लगेच पांच अंशांच्या खालीं थंड होतें, आणि वर गेल्यावर कागदासारख्या पातळ धातूच्या झांकणाखालीं वीस-एक मिनिटें तापतें. या दुहेरी अग्निपरीक्षेंत जें टिकतें तेंच ताटांत येतें. रस्सा टिकतो, भात टिकतो, राजमा व पनीर टिकतात. गरम भाकरी टिकत नाहीं; पुन्हां तापविली कीं तिचें चामडें होतें. मुंबईहून निघालेल्या विमानांत पिठलें-भाकरी न दिसतां पनीरचा रस्सा दिसतो याचें कारण कोणाचा पंजाबप्रेमाचा कट नव्हे, भट्टीचा स्वभाव आहे.

चवीचेंही तसेंच. उडत्या विमानांतील हवेचा दाब सुमारें १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका ठेवतात, म्हणजे बसल्या जागीं आपण कळसूबाईच्या शिखराहूनही वर असतों. हवा अत्यंत कोरडी असते. नाक सुकतें, आणि नाकावांचून जिभेला अर्धीच चव कळते. जर्मनींत २०१० सालीं झालेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं अशा हवेंत मीठ २० ते ३० टक्के आणि साखर १५ ते २० टक्के कमी जाणवते. आंबट व मसालेदार पदार्थ त्या मानानें तग धरतात. मिरचीच्या ठेच्यावर वाढलेल्या मराठवाड्याच्या जिभेला हा निष्कर्ष ऐकून फारसा अचंबा वाटणार नाहीं.

पण निसर्गाच्या माथीं सगळेंच मारतां येत नाहीं. १९७८ सालीं अमेरिकेंत भाड्यांवरील निर्बंध उठले, चढाओढ जेवणावरून भाड्यावर आली, आणि ताट आंखडूं लागलें. १९८७ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें कोशिंबिरींतील एकेक ऑलिव्ह कमी करून वर्षाकांठीं ४०,००० डॉलर वांचविल्याची कथा व्यापारी जगांत आदरानें सांगतात. आपल्याकडे जुलै २०१७ मध्यें एअर इंडियानें देशांतर्गत मार्गांवर इकॉनॉमी वर्गाचें सामिष जेवण बंद केलें. वरच्या वर्गाचें चालू ठेवलें. कारण काटकसरीचें दिलें गेलें. खर्च वांचविण्याची ही दृष्टि पडद्याच्या मागच्या बाजूसच कां पडते, हें सांगावयास नको.

आतां परतूरच्या उतारूकडे वळूं. मुलगा वा मुलगी परदेशीं नोकरीस आहे आणि साठी उलटलेले आईबाप प्रथमच तिकडे निघाले आहेत, असें दृश्य आज या भागांत दुर्मिळ राहिलेलें नाहीं. रात्रभर आगगाडीनें मुंबई, मध्यरात्रीनंतर सुटणारें विमान, आणि न्यूयॉर्कपर्यंत न थांबतां गेलें तर पंधरा-सोळा तास. पहिलें जेवण निघाल्यावर तासा-दीड तासानें येतें, म्हणजे घड्याळांत पहाटेचे तीन वाजलेले असतात. दुसरें उतरण्यापूर्वीं दोनएक तास. गळ्यांत तुळशीची माळ असेल तर खरी अडचण येथें सुरू होते. कंपन्यांच्या यादींत 'हिंदु भोजन' नांवाचा एक प्रकार असतो. नांव वाचून श्रद्धाळु माणूस तोच मागवितो. परंतु त्या नांवाचा अर्थ गोमांस नसलेलें जेवण, एवढाच आहे. त्यांत कोंबडी, बकरा वा मासे असूं शकतात. माळकऱ्यानें मागवावयाचें तें 'एशियन व्हेजिटेरियन', ज्याची खूण 'एव्हीएमएल' अशी लिहितात. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांसाठीं जैन भोजन निराळें आहे. हें निदान चोवीस तास आधीं कळवावें लागतें, आणि तिकीट काढणाऱ्या मुलालाच बहुधा हा भेद ठाऊक नसतो. मग झांकण उघडल्यावर वास येतो, थाळी तशीच परत जाते, आणि दोन म्हातारीं माणसें पाणी पिऊन सातासमुद्रांपलीकडे उतरतात. विचारावें कोणाला व कोणत्या भाषेंत? १८८८ सालचा संकोच अजून त्याच आसनावर बसला आहे. त्या तरुणापाशीं निदान मिठाई होती.

एका गोष्टीचें श्रेय मात्र या गरीब ताटाला दिलें पाहिजे. तें कोणीं शिजविलें, हें विमानांत कोणी विचारीत नाहीं. सगळ्या रांगांतील माणसें एकाच गाड्यावरून एकाच आकाराची थाळी आणि एकाच बाटलीचें पाणी घेतात. मसूरच्या वाटेवर उपाशी निजलेल्या मुलांच्या पुढच्या पिढ्याही त्याच रांगांत आहेत. भाड्याची भिंत राहिली, पाण्याची पडली. शिदोरीच्या अभिमान्यांनीं विमानाच्या जेवणाला नांवें ठेवतांना एवढें तोलून पाहावें.

शिदोरीला मज्जाव नाहीं, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. २००६ पासून विमानांत बरोबर नेण्याच्या द्रव पदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली आहे. त्यामुळें दही, पातळ लोणचें, ताक तपासणीच्या पट्ट्यावरच अडतें. दशमी अडत नाहीं, धपाटें अडत नाहीं, शेंगदाण्याची कोरडी चटणीही अडत नाहीं. तीं तापवावीं लागत नाहींत, कोरड्या हवेंत जिभेला कळतील इतकें तिखटमीठ त्यांत असतें, आणि पहाटे तीनची वाट पाहावी लागत नाहीं. उतरण्यापूर्वीं मात्र डबा रिकामा करावा. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत तर उरलेला प्रत्येक खाद्यपदार्थ कागदावर लिहून दाखवावा लागतो, न लिहिल्यास दंड होतो. आणि 'धपाटें' हा शब्द तेथील अंमलदाराला समजावून देण्याचें काम त्या म्हाताऱ्या बाईंकडे येतें.