लिफाफ्यावरची एक ओळ

छापखान्यातून पत्रिकांचे गठ्ठे आले की लग्नघरातली एक दुपार लिफाफ्यांसाठी राखलेली असे. सतरंजीवर मागच्या लग्नाची वही उघडलेली, वाटीत कालवलेलं कुंकू, आणि ज्या काकांचं किंवा आत्याचं अक्षर वळणदार, त्यांच्या हाती पेन. आतला मजकूर सगळ्यांना सारखाच. कोणाचा मान किती, हे ठरे ते बाहेरच्या ओळीत.

छापील पत्रिकांच्या आधी आमंत्रण पायी चालत जाई. पहिली अक्षत गणपतीला, मग कुलदैवताला नि ग्रामदैवताला, आणि नंतर हळदकुंकू घेऊन घरोघर. मराठवाडा-विदर्भात ‘चूलबंद’ आवतण म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. घरटी एकालाच बोलावणं असेल, तर तेही स्पष्ट सांगितलं जाई. लिफाफ्यावरचे ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे दोन शब्द म्हणजे कागदावर उतरलेलं चूलबंदच. ते राहून गेले, की समोरचं घर बरोबर ओळखतं.

नावाआधीचा ‘रा. रा.’ तर दफ्तरातून आलेला. कोणाला कोणत्या मायन्याने लिहायचं, याचे नियम सांगणारी मेस्तकं जुन्या काळी लेखनिकांच्या हाताशी असत. ती रचण्याचा मान यादवांच्या दरबारातल्या हेमाडपंतांना दिला जातो. पेशवाईतल्या पत्रांत ‘अखंडित लक्ष्मी आलंकृत राजमान्य राजश्री’ असा लांबलचक मायना दिसतो. त्यातलं ‘राजमान्य राजश्री’ आखडून ‘रा. रा.’ झालं आणि सरदारांच्या खलित्यावरून थेट शाळामास्तरांच्या लिफाफ्यावर येऊन बसलं. थोरांना ‘ती.’, शास्त्रीबुवांना ‘वे. शा. सं.’. बाईच्या वाट्याला मात्र बहुतेकदा ‘श्री. व सौ.’ यातलं नुसतं ‘सौ.’ येई, पती गेला की तिचं ‘गं. भा.’ होई. तिचं दुःख पोस्टमनलाही वाचता यावं, असं त्या दोन अक्षरांत होतं. ती अक्षरं मागे पडली हे फार बरं झालं.

मग टपालाचं गणित. पत्रिका ‘बुक पोस्ट’ने धाडली की तिकीट स्वस्त पडे, अट एवढीच की लिफाफा चिकटवायचा नाही, झाकण नुसतं आत खोचायचं. छापील मजकुराशिवाय आत दुसरं काही नाही, हे टपालखात्याला उघडून बघता आलं पाहिजे. खुशालीची चिठ्ठी आत सरकवली तर पत्राचा दर लागे, आणि तिकीट कमी पडलं तर तुटीच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल होई. आमंत्रण देऊन पाहुण्यालाच पैसे भरायला लावायचे, यापरती नामुष्की कोणती!

पत्त्याची खरी कसोटी गावाच्या नावात. पिंपळगाव लिहिलं, पण कुठलं? नाशकाकडचं बसवंत, जळगावचं हरेश्वर, की जुन्नरकडचं जोगा? म्हणून ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ अशी उतरंड लागे. सारख्या नावांचा हा घोळ सोडवायला १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन कोड आला. त्यामागे होते टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, कोकणातले आणि संस्कृतात नाटकं लिहिणारे. शहरांतले जुने क्रमांकाचे टपाल-विभाग मोडले नाहीत: ‘मुंबई ४’चं ४००००४ झालं, ‘पुणे ३०’चं ४११०३०. वहीतल्या जुन्या पत्त्यांपुढे हे आकडे वेगळ्या शाईने येऊन बसले.

अशी वही एकदा तरी चाळावी. एका ओळीवर काट, वर मुलाचं नाव. गिरगावचा पत्ता खोडून डोंबिवलीचा, पुढे कोणाचा तरी अमेरिकेचा. तीन लग्नांत एका कुळाचं स्थलांतर त्या पानांवर दिसतं.

आता याद्या संगणकात असतात, लिफाफ्यावर छापील चिकटपट्टी येते, निम्मी आमंत्रणं व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. पहिल्या पत्रिकेचा लिफाफा मात्र अनेक घरांत अजूनही हातानेच लिहितात. कोपऱ्यांना कुंकवाची बोटं, वर देवाचं नाव, पिन कोड नाही. घरातलं कोणीतरी ती घेऊन देवळात जातं आणि गणपतीपुढे ठेवतं.