पेज, पांढरा तांदूळ आणि आपलं जैन ताट



सकस आहार म्हटलं की प्रथिनं, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अशी मोठी यादी समोर येते. आज त्यातल्या एकाच जीवनसत्त्वाचा इतिहास सांगते, कारण तो थेट आमच्या आचऱ्याच्या पेजेशी जोडलेला आहे.

मालवण किनाऱ्यावर पेज उकड्या तांदळाची. भात सालीसकट भिजवायचं, उकडायचं, उन्हात वाळवायचं आणि मग कांडायचं किंवा गिरणीवर न्यायचं. घाटावरून आलेल्या सुनांना हा जाड दाणा आणि त्याचा वास सुरुवातीला आवडत नाही. पांढराशुभ्र तांदूळच चांगला, असं आपल्या मनात बसलेलं असतं.

हा पांढरा तांदूळ घरोघरी पोचला तो वाफेच्या गिरण्या आल्यावर. त्याच्याबरोबर आशियात बेरीबेरी हा आजार वाढला. पाय जड होत, हातापायांतली ताकद जाई, अंगावर सूज येई आणि शेवटी हृदय थकून माणूस दगावे. डॉक्टर जंतू शोधत होते. 1890 च्या सुमारास जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरला दिसलं, की प्रयोगशाळेतल्या कोंबड्यासुद्धा तशाच लुळ्या पडल्या आहेत. त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घालत होते. पुढे नवा स्वयंपाकी आला आणि त्याने तो भात द्यायला नकार दिला. कोंबड्यांना साधा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या! नंतर जावातल्या सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी झाली. तिथेही पांढरा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांतच आजार कितीतरी जास्त निघाला.

1912 मध्ये कासिमीर फुंक यांनी अशा घटकांना ‘व्हिटामिन’ नाव दिलं. कोंड्यातला हा घटक म्हणजे ब-1, थायमिन. आइकमनना 1929 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

यातली सर्वांत हळहळ लावणारी गोष्ट बायकांची आहे. आई वरून बरी दिसायची, पण तिच्या दुधातच ब-1 कमी असल्याने अंगावर पिणारं तान्हं बाळ दगावायचं. फिलिपाईन्समध्ये अशा बाळांना तांदळाच्या कोंड्याचा अर्क देऊन वाचवलं गेलं. आईच्या ताटात काय आहे, हा प्रश्न घराण्याचा असतो तो असा.

आपल्या देशात आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर कच्चा, गिरणीत पांढरा केलेला तांदूळ खात आणि तिथे बेरीबेरी होती. उकडा खाणाऱ्या भागांत ती जवळजवळ नव्हती. कुन्नूरला रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी तांदूळ आणि या आजाराचा संबंध अभ्यासला. तीच संस्था पुढे हैदराबादला गेली, आजची राष्ट्रीय पोषण संस्था.

कारण सोपं आहे. सालीसकट उकडताना कोंड्यातलं ब-1 दाण्याच्या आत मुरतं. मग वरचा कोंडा निघाला तरी बरंचसं आत राहतं. 100 ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात ते सुमारे 0.06 मिलिग्रॅम, तर गिरणीतल्या उकड्यात 0.21. शिवाय पेजेचं पाणी आपण पितो. भात शिजवून वरचं पाणी ओतून दिलं, की ब-1 त्याच्याबरोबर जातं. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा, त्यामुळे ते रोजच्या जेवणातूनच यायला हवं.

आता आपल्या घराकडे पाहू. कंदमुळं बाराही महिने नाहीत, चातुर्मासात पालेभाज्या बंद, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. नियम आपण श्रद्धेने पाळतो आणि पाळावेतच. पण ताटातले पदार्थ जितके कमी, तितकं उरलेलं धान्य भरीव हवं. बाकीच्यांच्या ताटातली उणीव दुसरा एखादा पदार्थ भरून काढतो. आपल्याकडे ती जागा आधीच आपण सोडलेली असते.

भरीव धान्य इथे भरपूर आहे. नाचणीत 100 ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कुळथात बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. कांदा-लसूण न घालता हिंग, मिरची आणि कोकमावर कुळथाची पिठी छान होते. कुळथाबरोबर दही-ताक नको, द्विदलाचा दोष लागतो. ताक नाचणीच्या भाकरीबरोबर घ्यावं. ब-12 मात्र धान्य-भाज्यांत मिळत नाही, त्यासाठी दूध-दही-ताक सोडू नये आणि थकवा, मुंग्या येत असतील तर रक्त तपासून घ्यावं.

पेज ताजीच करावी. रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी खाणं आपल्याला चालत नाही. एक वाटी उकडा तांदूळ, सहा-सात वाट्या पाणी, मीठ, वरून चमचाभर साजूक तूप. तांदूळ चोळचोळून धुऊ नये.

आणि ही पेज सगळ्यांना वाढून उरली तर घ्यायची, असं करू नका. एकासन सोडताना, बाळंतपणानंतर, आजारातून उठताना पहिली वाटी घरातल्या बाईची ठेवा.